बेताच्या मुंग्या

आप्पाराव गेवराईच्या तहसील कचेरीत पेशकार होते तोवर त्यांच्या ओट्यावर माणसांची वानवा नव्हती. सकाळी चूळ भरायला बाहेर यावं तर माणसं बसलेलीच. कुणाच्या कागदांची मिसल हरवलेली, कुणाची पेशी लांबलेली, कुणाला भावाविरुद्ध दरखास्त द्यायची आणि भावाला कळू द्यायचं नाही. भाऊ शेजारीच बसलेला. आप्पाराव तोंड पुसत प्रत्येकाला एकच विचारत, "काय काम काढलंत?" उभ्या नोकरीत या प्रश्नाला "काही नाही, सहज आलो" असं उत्तर एकदाही आलं नाही. आलं असतं तर आप्पारावांनी त्या माणसावर नजर ठेवायला सांगितलं असतं.

नोकरी संपली, पेन्शनीचा वजीफा सुरू झाला आणि ओटा रिकामा झाला. माणसं वाईट नव्हती, त्यांना नवा पेशकार मिळाला होता. रस्त्यात भेटली की रामराम करत, तब्येत विचारत आणि उत्तर यायच्या आत पुढे जात. घरातही दुसरं कुणी नव्हतं. मुलगी परभणीकडे दिलेली. बायको, सुंदरबाई, जाऊन बरीच वर्षं झालेली. दगडाबाई सकाळ-संध्याकाळ येऊन भाकरी थापायची, झाडलोट करायची. तिला बोलायची फार आवड, पण ती बोलायची भांड्यांशी.

उरला होता तो चिरूट. फार पूर्वी जमीनमोजणीसाठी एक गोरा साहेब तंबू ठोकून राहिला होता, त्याने आप्पारावांच्या कामावर खूश होऊन एक चिरूट दिला. साहेब गेला, मोजणी संपली, चिरूट राहिला. त्याची जुडी जालन्याहून यायची. सुंदरबाईचा हुकूम होता की हा धूर घरातल्या देवांना चालत नाही, गोठ्यात जायचं. गाईची हरकत नव्हती. आता सुंदरबाई गेली, गाय सोयऱ्यांकडे गेली, सगळं घर धुराला मोकळं झालं. तरी आप्पाराव जेवण झालं की गोठ्यातच जात आणि रिकाम्या गव्हाणीच्या काठावर बसून ओढत. हुकूम देणारा गेला म्हणून हुकूम रद्द होत नाही, हे कचेरीतल्या माणसाला सांगावं लागत नाही.

एका सकाळी दगडाबाई केरसुणी घेऊन समोर उभी राहिली.

"मालक, परसात तुमी लघवीला बसता तिथं मुंग्या लई झाल्यात."

"पाऊस जवळ आला असंल."

"पावसाच्या मुंग्या समद्या परसात हिंडत्यात. ह्या निस्त्या तुमच्याच जागंवर हायेत."

म्हणून गहिनीनाथ वैद्यांना बोलावणं गेलं. गहिनीनाथांनी सगळ्या तालुक्याची तंबाखू बंद केली होती. पोट दुखो की पायात काटा मोडो, त्यांचा पहिला प्रश्न "तंबाखू किती खाता?" हाच. ते परसात उकिडवे बसले आणि जुन्या दस्तावरची सही तपासावी तशा मुंग्या बघत राहिले.

"मधुमेह," ते उठत म्हणाले. "गूळ, साखर, भात बंद. दुपारची झोप बंद. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, ज्वारीची भाकर. आन् रोज नदीपर्यंत चालायचं."

आप्पारावांनी सगळ्याला मान हलवली. गोडाचं त्यांना कधीच फारसं वेड नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, "आन् चिरूट?"

दोघे तेव्हा गोठ्याच्या दारात उभे होते. आत कालच्या धुराचा वास अजून रेंगाळत होता. वैद्यांनी तंबाखूवर बोलायला श्वास घेतला. तो श्वास बोलायला लागतो त्यापेक्षा बराच लांबला.

"कुठला म्हणायचा?"

"त्रिचनापल्लीचा. जालन्याहून मागवतो."

वैद्य आत जाऊन बाजेवर बसले. "एकदम सोडलं तर शरीर बंड करतं," ते म्हणाले. हा सिद्धांत गेवराई तालुक्याने याआधी ऐकलेला नव्हता. "आठवड्यातून एकदा ओढा. गुरुवारी, जेवण झाल्यावर. अर्धा."

"उरलेला अर्धा?"

"एकट्यानं ओढायचा न्हाई. प्रमाण राहत न्हाई. समोर जाणकार माणूस पायजे."

"जाणकार माणूस निस्ता बघत बसणार?"

"तुमी पेशकार होता का वकील?" गहिनीनाथ म्हणाले. "आधी मुंग्या बघायच्या. लई असल्या तर चिरूट न्हाई. बेताच्या असल्या तर अर्धा."

"आन् नसल्याच तर?"

"तर तुमी बरे झालात. मग माझं काय काम?"

अशी गुरुवारची पेशी मुकर्रर झाली. गहिनीनाथ दुपार कलताना येत, परसात जाऊन बघत, "बेताच्या हायेत" असा निकाल देत आणि दोघे गोठ्यात जात. आप्पाराव सुंदरबाईच्या अडकित्त्याने चिरुटाचे दोन तुकडे करत. ज्या अडकित्त्याने ती सुपारी कातरताना चिरुटाला नावं ठेवायची, तोच. मग चुलीतला निखारा चिमट्यात धरून दोघे पेटवून घेत. पहिला झुरका आप्पाराव नुसता तोंडात धरत, जिभेवर थोडा तिखटपणा आला की सोडून देत. पूर्वी आख्खा चिरूट केव्हा संपला हे त्यांना कळत नसे. अर्ध्याचा मात्र प्रत्येक झुरका ध्यानात राहायचा. राख लांब होत जायची आणि ती पाडायला जीव होत नसे.

"तुमी शेंड्याकडचा घेतला," आप्पाराव म्हणत.

"शेंड्याकडचा सौम्य असतो. मी वैद्य हाय."

"मागच्या गुरुवारी बुडाकडचा सौम्य म्हणालात."

"ऋतू बदलला."

मग बराच वेळ कुणी बोलत नसे. वैद्यांच्या घरी मुलं, सुना, नातवंडं आणि ओसरीवर रोगी, असा बाजार सदा भरलेला. त्यांना गप्प बसायला जागा नव्हती. आप्पारावांना गप्प बसायला माणूस नव्हता. एकदा आप्पारावांनी विचारलं, "वास येतो त्याचं घरात काय सांगता?"

"रोग्याला धुरी दिली म्हणतो."

"आन् घरात काय म्हणतात?"

"म्हणतात, बिचारा रोगी."

पण कारल्याने घात केला. आप्पारावांची तहान कमी झाली, नदीपर्यंतचं चालणं अंगी लागलं, आणि परसातल्या मुंग्या विरळ होत चालल्या. आपण बरे होतोय हे बघून आप्पारावांना गुरुवारची काळजी लागली. एका बुधवारी संध्याकाळी त्यांनी मडक्यातला चिमूटभर गूळ पाण्यात कालवला आणि त्या जागेवर शिंपडला. दुसऱ्या दिवशी वैद्य म्हणाले, "बेताच्या हायेत."

वैद्य यायला पुरतील आणि चिरूट अडणार नाही इतक्याच मुंग्या जमवणं, हे तहसीलदाराला खूश ठेवण्यापेक्षा अवघड काम आहे. गूळ कमी पडला तर त्या शेजाऱ्याकडे जातात, जास्त झाला तर सोयरेधायरे घेऊन येतात. आप्पारावांचा हात हळूहळू बसत गेला. एकदाच चुकला. घाईत त्यांनी खडाच टाकला. गुरुवारी वैद्य उकिडवे बसले तेव्हा टपोरे काळे मुंगळे गुळाचा खडा ओढत भिंतीकडे चालले होते.

वैद्य बराच वेळ त्या मिरवणुकीकडे बघत राहिले.

"रोग चिवट हाय," शेवटी ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारीबी यावं लागणार."

"यावंच लागणार का?"

"इलाज न्हाई."

त्या दिवशी आप्पारावांनी शेंड्याकडचा तुकडा न मागता पुढे केला.

हे असंच चालायचं, पण दगडाबाईच्या नजरेत गुळाचं मडकं आलं. मडकं खाली चाललं होतं आणि स्वयंपाकात तर गूळ बंद. तिने दोन आणि दोन चार केले, मालक चोरून गूळ खातात. भांड्यांशी चार दिवस चर्चा करून तिने मडकं आपल्या घरी नेलं, परसातली जागा राखेने घासून धुतली आणि गुरुवारी कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

"बगा वैद्यबुवा," ती म्हणाली. "गूळ मी माज्या घरी नेला. आता एक मुंगी दावा."

वैद्यांनी घासलेली जागा बघितली. आप्पारावांनी भिंत बघितली. तेवढ्यात एक मुंगी खरंच आली. दोघांनी मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिलं. ती जराशी थांबली आणि शेजाऱ्यांच्या कुडाकडे निघून गेली.

"बरे झाले न्हवं मालक?" दगडाबाईने विचारलं. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. संध्याकाळपर्यंत ही बातमी आडावर पोचणार, हे दोघांनाही दिसत होतं. बऱ्या झालेल्या माणसाच्या घरी वैद्य जात राहिला तर गाव त्या माणसाच्या तिरडीचे बांबू बघायला लागतं.

"झाले," गहिनीनाथ म्हणाले. "आता माझं काय काम."

ते गोठ्याकडे न वळता दारातून निघून गेले.

पुढच्या गुरुवारी आप्पारावांनी अडकित्त्याने चिरूट कातरला, दोन्ही तुकडे गव्हाणीच्या काठावर ठेवले आणि वाट बघितली. कुणी आलं नाही. एकट्यानं ओढायचा नाही, असा हुकूम होता. चुलीतला निखारा विझला तेव्हा त्यांनी तुकडे कोनाड्यात ठेवून दिले. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यांनी नवा कातरला नाही, जुनेच काढून समोर ठेवले.

एकदा फिरून येताना ते मुद्दाम वैद्यांच्या आळीने आले. ओसरीवर गर्दी होती. माणसांच्या डोक्यांवरून गहिनीनाथांनी त्यांना पाहिलं आणि हाक दिली, "आप्पाराव, काय होतंय?"

सगळ्या रोग्यांनी वळून बघितलं. प्रत्येकाजवळ सांगायला काहीतरी होतं, कुणाचा खोकला, कुणाची कंबर.

"काही न्हाई," आप्पाराव म्हणाले आणि क्षणभर उभे राहून पुढे गेले. काही होत नसलेल्या माणसाला त्या ओसरीवर बसायला जागा नव्हती.

मग लग्नसराई आली. पूर्वी आप्पाराव आहेर देऊन हात जोडून परत येत. या वर्षी ते प्रत्येक पंगतीला बसले. "पेशकारसाहेब, बुंदी वाढू?" "वाढा." "गुळवणी?" "वाढा." यजमानांना धन्य वाटलं. वजीफ्यात माणूस खुलतो, असं लोक म्हणाले. पंगतीत दोन्ही बाजूंना माणूस असतो, एवढं मात्र बरं होतं. पण प्रत्येकजण आपापल्या पत्रावळीकडे बघत असतो. आप्पाराव गोड आवडत नसताना शेवटच्या घासापर्यंत खात, आणि घरी येऊन घागरीतलं पाणी पीत.

वहाण चावून पायाला जखम झाली, ती भरेना. परसात मुंग्या आल्या. मुंगळे नव्हेत, पहिल्यांदा आल्या होत्या त्याच बारक्या. दगडाबाईने त्या बघितल्या, मालकांचा पाय बघितला, आणि भांड्यांशी एक शब्दही न बोलता वैद्यांकडे गेली.

गहिनीनाथ परसात बसले. मग येऊन आप्पारावांसमोर बसले.

"गूळ कुठं टाकला होता?"

"टाकला न्हाई."

"मग?"

"खाल्ला."

"कावून?"

आप्पारावांनी पाय जवळ ओढून घेतला. "काम निघाल्याबिगर कोण येतं, गहिनीनाथबुवा?"

वैद्यांनी तो पाय मांडीवर घेतला. त्यांनी कडुनिंबाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, लेप लावला, फडकं बांधलं. हात रागावलेले होते, पण गाठ हलकी बसली.

"पाय गेला तर नदीपर्यंत तुमच्या नावानं मी चालू का?" ते म्हणाले. "जखम भरेस्तोवर चिरूट बंद. अर्धाबी न्हाई, झुरकाबी न्हाई."

"म्हंजे गुरुवार..."

"म्हटलं ना, बंद."

आणि ते गेले. आप्पारावांनी हिशेब मांडून बघितला. रोग परत मिळवला होता, आणि ज्यासाठी मिळवला तेच गेलं होतं. असा उलटा निकाल त्यांनी कचेरीतही फार वेळा पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुवार नव्हता. आप्पाराव गोठ्यात गव्हाणीच्या काठावर बसले होते, दुखरा पाय पुढे पसरून. दारात वहाणा काढल्याचा आवाज झाला. गहिनीनाथ आत आले, हातात औषधाची पिशवी नव्हती.

"काय काम काढलंत?" आप्पारावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"काम काही न्हाई," वैद्य म्हणाले आणि बाजेवर बसले.

हे उत्तर आप्पाराव जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"फडकं बदलायचंय?"

"दगडाबाईनं सकाळी बदललं की."

"मुंग्या बघायच्या?"

"आज न्हाई."

दोघे बसून राहिले. चिरूट नसल्यावर आपल्याला एकमेकांशी बोलायला फारसं काही नाही, हे दोघांच्याही ध्यानात आलं. हात कुठे ठेवायचे हाही प्रश्न होता. वैद्यांची नजर कोनाड्यात गेली, तिथे ते दोन तुकडे वाळत पडले होते.

"शेंड्याकडचा कुठला?"

"आता वळखू येत न्हाई," आप्पाराव म्हणाले. मग जरा वेळाने, "आज घरात काय सांगून आलात?"

"विचारलं, कुठं चाललात. म्हटलं, आप्पारावकडं. म्हणाले, काय काम हाय?"

"मग?"

"तिथंच अडलो बघा."

ऊन गव्हाणीवरून उतरून जमिनीवर आलं तेव्हा वैद्य उठले. उद्या येतो असं म्हणाले नाहीत.

जखम सावकाश भरत होती. गहिनीनाथ कधी येत, कधी येत नसत. येत तेव्हा आप्पाराव तोच प्रश्न विचारत. उत्तर ठाऊक असूनही विचारत, ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून. येत नसत तेव्हा ते गव्हाणीच्या काठावरच बसत. बाज जवळ होती, पायालाही तिथे आराम पडला असता. पण ती जागा मोकळी ठेवत.