टाकीतला भोंगा

संडासाच्या दाराची आतली कडी मी काढून टाकली. चार स्क्रू होते, इतके लांब की दाराच्या पलीकडून टोकं डोकावायची. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून बाबांनी ती कानशीने घासून बोथट केली होती. आता तिथे चार भोकं आहेत आणि दुपारी त्यांतून पॅसेजचा उजेड आत जातो.

हे झालंच नाही असं धरून चालू. कडी जागेवर आहे. बाबा आत आहेत, आई स्वयंपाकघरात आहे, मी अजून हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. घरात सगळं आलबेल आहे. फक्त फ्लशची टाकी बोंबलते आहे.

तिला आम्ही भोंगा म्हणायचो. फ्लश केला की टाकीत पाणी भरणारा व्हॉल्व्ह आधी घसा खाकरायचा, मग एक बारीक सूर धरायचा, तो सूर चढत चढत जायचा आणि शेवटी पाइपात तीन ठोके देऊन एकदम गप्प व्हायचा. साडेचार मिनिटं. मी घड्याळ लावून मोजलं होतं, कारण मला त्या वेळी दुसरं काही बरं काम नव्हतं. पाइप स्वयंपाकघराच्या भिंतीतून गेलेला असल्यामुळे टाकी संडासात आणि मैफल ओट्यापाशी, अशी सोय होती. पाहुणे दचकायचे. एकदा एका मावशींनी चहाचा कप तसाच ठेवून विचारलं, "आत कुणाला काही होतंय का?" मी म्हणाले, "नाही मावशी, टाकी बाळंत होतेय."

आता बाबा. ते कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. अडीच वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आवाज इतका खाली आला की टीव्ही बंद केल्याशिवाय त्यांचं बोलणं कळेना. शर्टाची बटणं आई लावते. दाढी मी करते, आणि ती झाल्यावर ते आरशात बघायचं टाळतात. सगळी कामं एकेक करून दुसऱ्यांच्या हातात गेली. एकच त्यांनी सोडलं नव्हतं: संडासात एकट्याने जायचं आणि आतून कडी लावायची. डॉक्टरांनी सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "ज्या दिवशी ती कडी जाईल त्या दिवशी मी माणसांतून उठलो असं समजा." डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. कडीवर औषध नव्हतं.

फ्लशचा दांडा उजवीकडे होता आणि त्यांचा उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून त्यांनी माझ्याकडून दांड्याला एक दोरी बांधून घेतली, दोरीच्या टोकाला पडद्याची लाकडी कडी लावून. डाव्या हाताने ओढायची. ती दोरी बसल्या जागेवरून गुडघ्याच्याही खाली लोंबायची. एवढी लांब कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "असू दे." फिटर माणसाचं "असू दे" हे पूर्ण उत्तर असतं.

माझी नोकरी कपडे धुण्याच्या मशीनच्या एका कंपनीत. लोक तक्रारी पाठवतात आणि मी उत्तरं लिहिते. मशीन थडथडतं, मशीन ओरडतं, मशीन स्वयंपाकघरातून चालत दिवाणखान्यात आलं. "आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे," असं मी लिहिते आणि खरोखरच नोंद घेते. पुढे काही होत नाही. पाच दिवसांची रजा शिल्लक होती, नाही घेतली तर वाया गेली असती, म्हणून घेतली आणि ठरवलं की भोंग्याचा निकाल लावायचा.

हार्डवेअरचा दुकानदार म्हणाला, "साधा देऊ की बिनआवाजाचा?"

"बिनआवाजाचा."

"हा घ्या. टाकी कधी भरली कळणारसुद्धा नाही."

"काहीच?"

"काही म्हणता काही नाही," तो म्हणाला आणि खोक्यावरची धूळ अभिमानाने पुसली.

घरी येऊन मी पाना, पक्कड, बादली आणि स्पंज मांडलं. बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर पॅसेजमध्ये येऊन बसले.

"वायसर बदल नुसतं," ते म्हणाले.

"बाबा, त्या व्हॉल्व्हचं आता वायसर नाही, तेरावं करायची वेळ आलीय."

"चालतंय की ते."

"चालत नाही, रडतंय."

"आवाज करतं ते मशीन जिवंत असतं. न बोलणारं मशीन बंद पडलेलं असतं. पस्तीस वर्षं बघितलंय मी."

"मग वरच्या मजल्यावरच्या काकू अमर आहेत."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एरवी या काकूंवर ती हमखास हसते. त्या दिवशी हसली नाही. म्हणाली, "राहू दे ना गं. रजेत जरा आराम कर."

"तुलाही हा भोंगा हवाय? दोघंही संघटनेत आहात का?"

दोघांनीही एकदा एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मला वाटलं, म्हातारी माणसं आहेत, त्यांना जुनी वस्तू सोडवत नाही. माझ्याकडे विनोद तयार असला की मला कारणं विचारायचं सुचत नाही. ही तक्रार माझ्याबद्दल आधीही आलेली आहे.

टाकीचं झाकण काढलं. आतल्या बाजूला बाबांनी पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या होत्या, प्रत्येक वेळी वायसर बदललं त्याची एक. सहा तारखा, साधारण वर्षाला एक, फिटरच्या टोकदार अक्षरात. सहावी झटक्याच्या दोन महिने आधीची. त्यापुढे कोरं. हात गेला म्हणून थांबलं, असं मी धरलं. पण मला दोरी बांधायला सांगणारा माणूस मलाच वायसर बदलायलाही सांगू शकला असता. एवढा हिशोब त्या वेळी झाला नाही.

खालचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, उरलेलं पाणी स्पंजने टिपलं. टाकीखालचा नट गंजून बसला होता. पान्याला दाद देईना. शेवटी करवतीच्या पात्याने जुन्या व्हॉल्व्हची मान कापली. पितळी दांडा आणि त्याच्या टोकाचा तरंगणारा गोळा माझ्या हातात आला. बाबांनी तो मागितला, मांडीवर घेतला, अंगठ्याने पुसला.

"आता परत बसत नाही हा," ते म्हणाले.

"त्याचसाठी कापला."

पण पुढचं काम त्यांनी मनापासून सांगितलं, हे मला नोंदवलं पाहिजे. "भोक आधी स्वच्छ कर. रबर आतल्या बाजूला. हाताने आवळ, मग पान्याने पाव फेरा, जास्त नाही. टाकी फुटली तर काय खाली वाटी धरशील?" शेवटी टाकीखाली वर्तमानपत्र पसरायला लावलं. त्यांची ही पद्धतच: दहा मिनिटांनी कागद कोरडा असेल तर काम पास. आम्ही दोघं दहा मिनिटं एका वर्तमानपत्राकडे बघत बसलो. कागद कोरडा होता. बाबांनी डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. लहानपणी सायकल दुरुस्त केली तेव्हा मारली होती, त्यानंतरची ही दुसरी.

मी फ्लश केला. पाणी गेलं, टाकी भरली. चाळीस सेकंदांत, आणि आवाज असा की कुणी शेजारच्या खोलीत पान उलटावं. मी झाकणावर पेन्सिलीने सातवी तारीख लिहिली. आईला ओरडून विचारलं, "काही ऐकू आलं?"

"नाही," आई म्हणाली. "छान झालं."

जुना व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या गाडीतून गेला. मीच दिला.

त्यानंतर आई पॅसेजमध्ये दिसू लागली. बाबा पावणेदहाला आत जायचे आणि आईला पॅसेजमध्ये काम निघायचं. पहिल्या दिवशी तिने चपलांचं कपाट पुसलं. दुसऱ्या दिवशी तेच कपाट पुन्हा पुसलं. मी म्हणाले, "आई, या चपलांना आता देवघरात हलवू या का?" तिसऱ्या दिवशी ती तिथे उभ्याने कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबांनी दार उघडलं, तिला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"इथे पहाऱ्यावर आहेस का?" त्या खालच्या आवाजात ते जितकं ओरडू शकतात तितकं ओरडले. "मला काय कोंडून ठेवलंय?"

"कपडे आवरत होते मी."

"आत आवर."

चौथ्या दिवशी आई स्वयंपाकघरातच राहिली. माझी रजेची शेवटची सकाळ. मी टेबलाशी बसून चहा पीत होते. आई ओट्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून उभी होती. हातात रिकामं भांडं होतं. नळ बंद होता, गॅस बंद होता. मी म्हणाले, "बघ, किती शांत वाटतंय ना? घर घरासारखं वाटतं. नाहीतर आधी इथे बसलं की—"

"किती वाजले?" आईने विचारलं.

"सव्वादहा."

भांडं खाली पडलं. ती पॅसेजमध्ये पोचली तेव्हा मी अजून कप हातात घेऊनच होते. "अहो," ती दाराला तोंड लावून म्हणाली. आतून काहीतरी खरवडल्यासारखं ऐकू आलं. कडी लागलेली. मी टेबलावरचा मोठा स्क्रूड्रायव्हर आणला, दाराच्या फटीत घातला आणि अंग टाकलं. बाबांनी बसवलेली वस्तू सहजासहजी निघत नाही. कडी वाकली, लाकूड चिरलं, आणि कितीतरी वेळाने दार बाहेर आलं.

ते खाली पडले होते, गाल फरशीवर, उजवा पाय अंगाखाली. खुब्याचं हाड मोडलं होतं. डाव्या हातात दोरीची लाकडी कडी घट्ट धरलेली होती.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते नीट बोलले. आई औषधं आणायला खाली गेली होती. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"पाच वेळा ओढली," ते म्हणाले.

"काय?"

"दोरी. पाणी भरलं की पाइप ओरडेल, ती येईल, म्हणून. विसरलोच. पाचव्यांदा ओढल्यावर आठवलं, तू व्हॉल्व्ह बदललास."

पहिल्यांदाच माझ्याकडे विनोद तयार नव्हता.

"ती भोंगा ऐकते," ते म्हणाले. "सुरू झाला की समजते मी उठलो. तीन ठोके पडेपर्यंत बाहेर नाही आलो तर हाक मारते. तिला वाटतं मला माहीत नाही. मी पण कधी कळू दिलं नाही. म्हणून तर वायसर बदललं नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"ती दारात उभी होती ना."

संध्याकाळी जिन्यात आईला विचारलं. ती म्हणाली, "यांच्यासमोर कसं सांगणार? मी रोज कान लावून बसते हे कळलं असतं तर त्यांच्याकडे काय उरलं असतं?"

म्हणजे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही एकमेकांसाठी गप्प होती, आणि त्या दोघांच्या मध्ये पाना घेऊन मी बसले होते, विनोद करत.

बाबा आता घरी आहेत. वॉकर घेऊन जातात. दार अर्धं उघडं असतं आणि आई पाठ फिरवून उभी असते, चपलांच्या कपाटाकडे तोंड करून. पहिल्या दिवशी बाबांनी सवयीने कडीकडे हात नेला. वाकडी कडी अजून होती, पण लागत नव्हती. हात तिथे थोडा वेळ राहिला आणि खाली आला. म्हणून दुपारी मी ती काढली. हल्ली टीव्ही बंद केला तरी बाबांचं फारसं काही ऐकू येत नाही.

दुकानदाराकडे जाऊन जुन्या पद्धतीचा, ओरडणारा व्हॉल्व्ह मागितला. त्याने मला दोनदा विचारलं आणि मग मुलाला हाक मारून माझ्याकडे बघायला सांगितलं. शेवटी मिळाला एक. पितळी, गोळ्यासकट. बसवला. कागद कोरडा. आवाजही करतो, पण वेगळा: खालचा, बिनठोक्यांचा, दोन मिनिटांचा. आईने ऐकला आणि मान हलवली. बाबा म्हणाले, "हा तो नव्हे."

मग मी बिनआवाजाच्या व्हॉल्व्हच्या कंपनीला अर्ज लिहिला. अशा अर्जांचं पुढे काय होतं हे मला ठाऊक आहे. तसल्याच एका टेबलावर मीही बसते.

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी.

विषय: आवाज परत मिळण्याबाबत.

महोदय, आपला बिनआवाजाचा व्हॉल्व्ह खोक्यावर लिहिल्याप्रमाणे तंतोतंत चालला, त्याबद्दल काहीही तक्रार नाही. तरी आमच्या घरातील पूर्वीचा आवाज, साडेचार मिनिटांचा, चढत्या सुराचा, अखेरीस तीन ठोक्यांसह, आहे त्या स्थितीत परत करण्यात यावा, आणि दिनांक मागील महिन्यातील रजेच्या पाचव्या दिवसाची सकाळी पावणेदहा ही वेळ पुन्हा उपलब्ध करून देण्यात यावी, जेणेकरून सदर कडी तिच्या मूळ चार स्क्रूंसह आतून लावता येईल, ही नम्र विनंती.