आईच्या ओटीतला मान

नुआतावा नावाचा देश जगाच्या नकाशावर नसता तरी सिमाबाई पेणकरांचं काही अडलं नसतं. पॅसिफिक महासागरातली चिमूटभर बेटं ती! पण त्या बेटांचा लंडनमधला राजदूत ऐन नोव्हेंबरात, ब्लेझरखाली लुंगीसारखं वस्त्र नेसून वेम्बलीतल्या त्यांच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्या बघतच राहिल्या. पोटऱ्या उघड्या, पायांत सपाता, हातात केक. देश एवढासा की राजदूताला मोटार नव्हती. साहेब ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने आले होते.

नाव तोमासी. केकात काय काय घातलं असेल कोण जाणे, म्हणून सिमाबाईंनी तो बाजूला ठेवला आणि चहा दिला. चहा संपल्यावर त्याने मुद्द्याला हात घातला. सिमाबाईंची मुलगी लीया मँचेस्टरच्या विद्यापीठात पाण्यातल्या रोगजंतूंवर संशोधन करायची. दोन वर्षांपूर्वी नुआतावात कॉलरा पसरला, तेव्हा गावोगावच्या विहिरी तपासून तिने तो आवरला होता. आता देश तिला आपला सर्वांत मोठा मान देणार होता.

"मग द्या की तिला," सिमाबाई म्हणाल्या. "ती मँचेस्टरला असते. इथे नाही राहत."

"आमच्याकडे मान माणसाच्या हातात देत नाहीत. त्याच्या आईच्या ओटीत घालतात. आईने नाही घेतला, तर तो कायमचा परत न्यावा लागतो."

सिमाबाईंनी कप बशीत जरा जोरातच ठेवला. लीयाशी त्यांचं बोलणं बंद होतं. त्याच कॉलऱ्याच्या दिवसांत इकडे त्यांचे यजमान हाईम हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होते. तार केली. मिळाल्याचं उत्तरही आलं. पण लेक आली नाही. दफन झालं, ज्यू रीतीने जमिनीवर बसून पाळायचे शोकाचे सात दिवसही सरले, आणि मग बाईसाहेब दारात उभ्या! त्या दिवशी सिमाबाईंनी जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. मुलीचा फोन आला की आवाज ऐकताच रिसीव्हर खाली. परक्यांच्या विहिरी सापडल्या, बापाचं घर नाही सापडलं, हे त्या ईलिंग रोडवरच्या वाण्यालासुद्धा ऐकवायच्या.

"येईन मी," त्या तोमासीला म्हणाल्या. जायचं आणि सगळ्यांदेखत 'नाही' म्हणायचं, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. घरात बसून नाही म्हणण्यात कसलं आलंय समाधान?

समारंभ एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होता. इंग्लंडात राहणारे झाडून सगळे नुआतावावाले आले होते. नर्सा, खलाशी, विद्यार्थी, सगळे चटयांवर मांडी घालून. दाराशी चपलांचा ढीग पाहून सिमाबाईंना उगीचच घरच्यासारखं वाटलं, आणि त्याचाच राग आला. कोपऱ्यात लीया खाली मान घालून बसली होती. ओटी भरेपर्यंत तिने बोलायचं नाही अशी रीत होती. केस किती पिकले हिचे! सिमाबाईंनी नजर वळवली, पण पाहायचं ते पाहून झालं होतं.

मग ते लोक गायला लागले. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. आवाज जमिनीतून निघाल्यासारखा तळव्यांतून वर चढला. सिमाबाईंनी शालीत हात दडवले, कारण हातांवर काटा आला होता.

गाणं थांबल्यावर एक म्हातारी पुढे आली. लोसा तिचं नाव. यासाठीच ती बेटावरून आली होती, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून. ती सिमाबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलली.

"मान देण्याआधी आईला विचारावं लागतं," तोमासीने सांगितलं. "ती विचारतेय, आम्ही तुझं काय घेतलं?"

सिमाबाईंनी ट्यूबमध्ये घोकलेलं नकाराचं खणखणीत इंग्रजी वाक्य कुठल्या कुठे गेलं. दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. भेटायला येणारे सगळे लीयाच्या कामाचंच कौतुक सांगून जायचे. त्यांच्या तोंडून आपोआप मराठीच आली.

"हे दाराकडे बघत पडून असायचे. काळ्या केसांची कुठलीही नर्स आली की विचारायचे, लीया आली का? मी रोज सांगायचे, येतेय, वाटेत आहे. शेवटी मीच खोटं बोलत ऱ्हायले. ते तुम्ही माझ्याकडून करवलंत."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. कळलं ते एकीलाच. तोमासीने लीयाकडे पाहिलं, लोसाने मान हलवून परवानगी दिली, आणि लीया उठली. आईचं बोलणं तिने त्या लोकांच्या भाषेत सांगितलं. सावकाश, काही न गाळता. 'लीया आली का' हे मात्र तिने मराठीतच म्हटलं. तिथे तिचा आवाज फुटला. जराशाने तिने उरलेलं पूर्ण केलं आणि खाली बसली.

 मग लोसा बोलली, आणि तोमासी तिच्यामागून इंग्रजीत सांगत गेला.

"बोट किनाऱ्याला लागलेली होती. मीच तिला म्हटलं, पोरी, बाप आहे, जा. आमच्याकडे वीज नाही. विहिरीचं पाणी औषध घालून बाटलीत भरायचं आणि रात्रभर अंगाच्या उबेत ठेवायचं. सकाळी काळं झालं तर ती विहीर वाईट. बाटल्या बांधणाऱ्या बायका जुलाब-ओकाऱ्यांनी आडव्या पडलेल्या. म्हणून सगळ्या गावांच्या बाटल्या हिने स्वतःच्या पोटाला बांधल्या होत्या. ती तार हातात घेऊन वाळूवर बसली, रडली, पण पोटावरचं फडकं सोडलं नाही. बोट गेली, ती पुन्हा आठवड्याने यायची. सकाळी माझ्या गावची बाटली काळी निघाली. आम्ही ती विहीर बुजवली. माझी नातवंडं आहेत, बाई. तुझ्या नवऱ्याचं नाव सांग."

"हाईम," सिमाबाई म्हणाल्या.

लोसाने कपाळ चटईला टेकवलं. तिच्यामागे सगळ्यांनी टेकवलं. आणि तो सबंध देश हाईम पेणकरांसाठी रडायला लागला. मोठ्याने, नाव घेऊन, घरचा माणूस गेल्यासारखा. ज्याने आयुष्यभर कारकुनी केली, ज्याच्या दफनाला माणसं जेमतेम जमली, त्या माणसाचं नाव शे-दीडशे गळ्यांतून वर जात होतं.  एवढ्या लोकांत आपण लाजतबिजत नाही आहोत, ओक्साबोक्शी रडतो आहोत, याचं सिमाबाईंना नवल वाटलं.

रडणं ओसरल्यावर चौघांनी एक चटई उचलून आणली. हाच तो मान. प्रत्येक गावातल्या बायकांनी तिचा एकेक पट्टा विणला होता. लोसा थांबली. सिमाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. कोकणात वाढलेल्या सिमाबाईंनी विधवेची ओटी भरलेली कधी पाहिली नव्हती. त्यांनी डोळे पुसले, मांडी नीट केली आणि पदर पसरला.

चटईची घडी मांडीवर आली तशा त्या दबूनच गेल्या. सुकलेल्या पानांना समुद्राचा वास होता. उठायला गेल्या, तर उठवेना. पुन्हा गेल्या. चारी बाजूंनी हात पुढे आले, पण सिमाबाईंनी ते सगळे बाजूला सारले आणि कोपऱ्याकडे पाहिलं.

"लीया, अगं बघत काय बसलीस? ये, धर हे. मला एकटीला नाही उचलत."