फ्रिजमधला अबू ईद

ए, हसू नका ना, आधी ऐका तर! नेटवरच्या त्या ‘हा किडा कोणता?’ पानावर मला सगळे कलिंगडवाली म्हणतात, माहितीये ना? गेल्या उन्हाळ्यात एकदाच, एकदाच हं, मी कलिंगडाच्या बीचा फोटो टाकून विचारलं, हा भुंगा ओळखा. तर पान चालवणाऱ्या उस्ताद नझमींनी सगळ्यांसमोर लिहिलं, “बेटी, पेरून बघ, उगवेल.”

तर काल आमच्या डाळिंबावर मला अबू ईद दिसला. तोच गं, आपल्याकडे सगळे अबू ईद म्हणतात तो लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा. पण याचे ठिपके गोल नव्हतेच, एकमेकांत मिसळून पाठीवर नांगर काढल्यासारखे! टाकला फोटो. उस्तादांचं उत्तर आलं, “असा आपल्या डोंगरात कुणी पाहिलेला नाही. पण तुझा फोटो म्हणजे धुक्यातला टोमॅटो. मानेवरची नक्षी स्वच्छ दाखव, मग नोंद करू. नाहीतर विसर.”

नोंद! म्हणजे नकाशावर, आपल्या सल्त गावावर, त्या किड्याखाली माझं नाव! कलिंगड कायमचं पुसलं जाणार!

पण तो एका जागी बसेल तर ना. त्याच पानावर युक्ती दिलीय, किडा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, गारठून शांत बसतो, त्याला काही होत नाही. मी त्याला हलव्याच्या रिकाम्या डबीत ठेवला, झाकणावर चिठ्ठी लावली, ‘अबू ईद. सांभाळून!’ आणि धावले दीमाकडे. हो दीमा, तुझं ते मोबाइलला लावायचं भिंग न्यायला आले होते ना, तेव्हाच!

परत येते तर डबी गायब.

आईला विचारलं, “यम्मा, फ्रिजमधली डबी कुठंय?”

“अबू ईदची? आत्ताच देऊन आले.”

“कुणाला?”

“कुणाला म्हणजे? अबू ईदला!”

शेजारच्या अबू ईदना! त्या ईद नावाच्या पोराच्या बापाला!

“तूच वर नाव लिहिलंस ना,” यम्मा म्हणते, “म्हटलं, पोरीला शेवटी शेजारधर्म सुचला.”

“अगं, डबी हलकी नाही लागली तुला?”

“लागली. म्हटलं, केशर असेल.”

मी उलट्यासुलट्या चपला घालून पळाले. अंगणात अबू ईद उभे. पाठीवर औषधाचा पंप, कारण गुलाबांवर माव्याची कीड पडलीय. आणि हातात माझी डबी. उघडी. रिकामी!

“या हनीनबाई! तुमच्या आईनं मला किडा पाठवला. माझ्या नावानं! काय घोडं मारलं मी तिचं?”

“अम्मो, अहो काका, तो अबू ईद आहे! म्हणजे तुम्ही नाही. म्हणजे तुम्हीपण आहात, पण...”

“गेला उडून त्या गुलाबावर. आता फवारतो, म्हणजे दोन्ही कामं होतील.”

“नको! अम्मो, तो मावाच खातो! तुमचाच मावा!”

“थापा मारू नकोस.”

“बघा तरी!”

दोघंही काट्यात नाक खुपसून बघतोय. एका कळीवर साहेब जेवायला बसले होते. एक मावा संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. अबू ईदनी हळूच पंप खाली ठेवला.

“हा तर माझ्या सासऱ्यासारखा जेवतो,” ते कुजबुजले. “घर पेटलं तरी हलायचा नाही.”

आणि खरंच हलला नाही! मान समोर, ऊन मस्त, मी भिंग लावलं आणि खटाखट फोटो काढले. फ्रिज गेला खड्ड्यात!

लगेच टाकला. उस्ताद म्हणाले, “हीच ती मान! कुणाला सापडला, कुठं, लिही.”

मी लिहायला लागले तर अबू ईद खांद्यावरून डोकावून म्हणतात, “लिही, अबू ईदला.”

“मला सापडलाय!”

“तुझ्या आईनं मला दिला ना? दिलेली वस्तू परत मागतेस? आणि गुलाब कुणाचे?”

बापरे, काय भांडलो आम्ही! शेवटी लिहिलं, ‘हनीनला सापडला, अबू ईदच्या गुलाबावर.’ उस्ताद विचारतात, “बेटी, किड्याच्या मालकीचे गुलाब कधीपासून?”

संध्याकाळी डबी परत आली, हिरव्या बदामांनी गच्च भरून. शेजाऱ्याची डबी कोण रिकामी पाठवेल? तरी यम्मानं आधी कानाशी धरून हलवून बघितली.

पंप अजून कोपऱ्यातच पडलाय. अबू ईद म्हणतात, स्वतःच्या नावावर कोण औषध मारतं? आणि पानावर आता मला कलिंगडवाली कुणीच म्हणत नाही.

अबू ईदची शेजारीण म्हणतात!