माझे नाव शंभर

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. संगणकाच्या पोटात बसून जी चौकोनी चिप सगळी आकडेमोड करते, ती मी. माझ्यामागून आलेले कितीतरी जण भंगारात गेले आणि मी मात्र इंडोनेशियात, सुरबायातल्या एका दुकानात वर्षानुवर्षे तेच ते काम करत राहिलो. खूप दमलो आहे. हळूहळू सांगेन, सांभाळून घ्या.

माझा जन्म पेनांगच्या कारखान्यातला. जन्म कसला, परीक्षाच ती! सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेली आम्ही भावंडे. आम्हाला तापवले, गारठवले, पळवले. जे तापातही पळत राहिले त्यांना भारी नाव मिळाले, ज्यांना धाप लागली त्यांना स्वस्तातले. दिसायला सगळे सारखेच. मी मधल्या ढिगात पडलो. तेव्हा वाटले, चला, परीक्षा संपली एकदाची.

पुढे मला कोह हेंकीने घेतले. कोह म्हणजे दादा. गिऱ्हाईक सत्तरीचे असले तरी त्याला कोहच म्हणे. संगणकांच्या दुकानांनी गजबजलेल्या एका इमारतीत, कायम बंद असलेल्या सरकत्या जिन्याशेजारी त्याचा गाळा होता. येणारा प्रत्येक जण एकच विचारी, "कोह, यातला फास्ट कुठला?"

कोह हेंकी प्रामाणिक माणूस. खोक्यांवर छापलेल्या आकड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. खोके सांगते ती नुसती आमच्या पोटातल्या घड्याळाची टिकटिक. एका टिकटिकीत कोण किती काम उरकतो, ते खोके सांगत नाही. म्हणून त्याने एका लग्नाचा व्हिडिओ घेतला आणि तो कमी जागेत मावेल असा आटोपशीर करून द्यायचे काम मला दिले. पेटीचे झाकण बंद, दुपारची वेळ, घरोघरी असतो तसाच उकाडा. मला जेवढा वेळ लागला, त्याला म्हणायचे शंभर. जो निम्म्या वेळात उरकेल तो दोनशे. दुकानाबाहेर पांढरा फळा लागला आणि तळाशी माझे नाव लिहिले गेले.

सुरुवातीला मला फार अभिमान वाटे. लोक म्हणत, "हेंकीच्या फळ्यावर थापा नसतात." पण गिऱ्हाइकाला सगळे डोळ्यांसमोर पाहायचे असते. नवा प्रोसेसर आला की त्याच्या शेजारी मलाही पळवायचे. पुन्हा तेच लग्न, पुन्हा इकडच्या रीतीप्रमाणे नवरा पायाने अंडे फोडणार, पुन्हा नवरी खाली बसून त्याचा पाय धुणार. नवा भिडू केव्हाच मोकळा होई आणि मी आपला त्या अंड्याशीच. लोक हसत. एकाने तर विचारले, "कोह, याला पेन्शन कधी देणार?" मित्रांनो, आपण हरणार हे ठरलेलेच असते आणि तरी रोज पळावे लागते, तेव्हा शरीरापेक्षा मन आधी थकते.

मग कोहने मला पळवणे बंद केले. शंभर तर फळ्यावर होतेच. मी जुन्या पेटीत धूळ खात पडलो. त्याच सुमारास समोरच्या दुकानानेही फळा लावला.

कोहची बायको लिनावती गल्ल्यावर बसे. तिला सगळे ची म्हणत, म्हणजे ताई. एके दिवशी ती चिडलीच. "समोरच्याच्या फळ्यावर चारशे, आपल्या फळ्यावर दोनशे. लोक आकडा बघतात, तुझं भोळं तोंड नाही!"

"मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं कोण लिही म्हणतंय? पेटी एसीखाली ठेव. झाकण काढ. सगळी बिल्डिंग तेच करते."

कोहला त्यात काही वावगे वाटले नाही. पेटी गार वाऱ्याखाली गेली. लोकांना घाई असते म्हणून परीक्षाही आखडली. बर्फ घातलेला चहा संपेपर्यंत निकाल हातात. फळ्यावरचे आकडे फुगले, गिऱ्हाइके परतली. फक्त त्या वाऱ्यात मला पुन्हा मोजायचे कोणाच्याच लक्षात आले नाही. मला उकाड्यात मोजलेले आणि बाकीच्यांना गारव्यात. पट्टीच चुकीची होती, आणि ती पट्टी मी होतो.

अशात बू कासियातुन आली. बू म्हणजे आई, वयस्कर बाईला इकडे तसेच हाक मारतात. तिचा नवरा दालांग होता. चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवत रात्रभर गोष्ट सांगणारा.

"कोह, त्याच्या एका खेळाची जुनी टेप आहे. अख्ख्या रात्रीची. नुसती खरखर आणि मुंग्या. ती स्वच्छ करायचीय. मुलानं सगळं जुळवलंय, पण आमच्या संगणकाचा जीव त्यात अर्धा होतोय."

"घाई आहे का, बू?"

"हजाराव्या दिवसाचं जेवण आलंय जवळ. गावाला सांगून बसलेय मी, त्या दिवशी अंगणात तोच खेळ करणार म्हणून."

आमच्याकडे माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी गावजेवण घालतात आणि त्याला शेवटचा निरोप देतात. त्यानंतर त्याच्यासाठी जेवण नसते. बूला तो दिवस चुकवायचा नव्हता.

तिने फळा पाहिला. एक सुबक, चपटी पेटी होती, तिच्यातला प्रोसेसर तीनशे दहा. बाजूला एक ओबडधोबड, मोठ्या पंख्याची, तिच्यातला एकशे ऐंशी. कोणीही घेईल तेच तिने घेतले.

जेवणाला दोन दिवस उरले असताना ती परत आली. लहान मुलाला बांधतात तशा झोळीत तिने ती चपटी पेटी छातीशी बांधली होती. "हा पहिल्या झपाट्यात पळतो, मग रांगतो, मग झोपतो," ती म्हणाली. "दोनदा मधेच बंद पडला."

कोहने पेटी एसीखाली लावली, झाकण काढले, चहा मागवला. चहा संपायच्या आत तीनशे दहा. "बघा बू, ठणठणीत आहे."

"तुमच्याकडे ठणठणीत आहे. मग मी काय इथं राहायला येऊ?"

ची लिनावतीला हसू फुटले. बू मात्र हसली नाही. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "कोह, वाद्यांचा पहिला ठोका पडल्यावर कुठलाही पोरगा जोरात ओरडतो. दालांगची पारख पहाटे होते. आवाज बसलाय का, हात थरथरतोय का, ते तेव्हा कळतं. माझा माणूस मांडी न मोडता उजाडेपर्यंत बसायचा. आणि तुम्ही याला चहाच्या ग्लासाएवढं बघून सोडलंत?"

कोहचा चेहरा पडला. त्याने पेटीचे झाकण पुन्हा बसवले. मग म्हणाला, "लिन, एसी बंद कर."

"गिऱ्हाईक पळून जाईल!"

"जाऊ दे. आज बूची फिल्म हीच परीक्षा."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तीन पेट्या मांडल्या गेल्या. चपटी, ओबडधोबड आणि धूळ झटकून मी. झाकणे बंद, एसी बंद, तिघांना तोच अख्खा खेळ. समोरचा दुकानदार ओरडला, "कोह, दुकान काढलंस का हमाम?" ची लिनावती पुठ्ठ्याने स्वतःला वारा घालत त्याला म्हणाली, "ये ना, तुझंही वजन उतरेल!"

चपटीने पहिल्या तासात आम्हा दोघांना मागे टाकले. मग तिचे अंग तापले आणि ती थबकत थबकत चालू लागली. दुपारी ती बंद पडली. ओबडधोबड पेटी आपल्या चालीने चालत राहिली. ना झपाटा, ना थकवा. बू तिच्यासमोरून हलली नाही. जेवायला म्हणून नाही, पाणी प्यायलाही नाही. काम मधे तुटले तर पुन्हा पहिल्यापासून करायला दिवसच उरला नव्हता. मला तिची फार काळजी वाटत होती.

दुकान बंद व्हायच्या वेळेला पडद्यावरची पट्टी भरली. कोहने शेवटचा भाग लावून पाहिला. खरखर गेली होती. शांत झालेल्या पडद्याआडून एक म्हातारा आवाज गोष्ट संपवत होता, आणि तो बसलेला नव्हता. बूने डोळ्यांना पदर लावला. "चहा मागत होता तो मला, या जागी," ती म्हणाली. "ऐकू येतंय बघा, हळूच. तेव्हा मला ऐकूच आलं नव्हतं."

ची लिनावतीने उगाचच गल्ला पुसला.

ओबडधोबड पेटी बदलून बूच्या घरी गेली. मला पळताना कोणी थांबवलेच नव्हते. माझे काम रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी उजाडताना संपले, पण संपले. नंतर कोहने मला एसीखालीही मोजून पाहिले. तेव्हा मी एकशे तीस निघालो. त्याने फळा पुसून टाकला. आता तिथे आकडे नाहीत. आता तो गिऱ्हाइकाला बसवतो आणि विचारतो, काम काय, किती वेळ चालणार, खोली कशी आहे. काही जण कंटाळून समोर जातात.

जेवणानंतर बू आली ती प्रसादाच्या भाताचे डबे घेऊन. निघताना तिने माझ्याकडे बोट केले. "कोह, हा द्या मला. त्याच्या अजून पुष्कळ टेप आहेत."

"हा? बू, हा सगळ्यात हळू आहे."

"असू दे. आता मला कसली घाई?"

मित्रांनो, म्हणून आज मी तिच्या खिडकीशी आहे. माझी तुम्हाला एकच विनवणी. संगणक घ्याल तेव्हा आकडा जरूर विचारा, पण तो कुठे मोजला, किती वेळ मोजला, हेही विचारा. आणि घरचा संगणक उन्हाळ्यात घरघरू लागला तर त्याला थापडा मारू नका. धूळ पुसा, जरा थांबा. बू तसेच करते. दुपारी कौले तापली की मी अडखळतो. मग ती पडद्यावर अर्ध्यावर थांबलेल्या नवऱ्याला म्हणते, "बसा जरा, मी चहा आणते," आणि आज तो वेळेवर आणते.