एकशे बेचाळीस ग्रॅम

काटेवाल्या मामाला कुणी तोंडावर खोटारडा म्हटलं असतं तर त्याने त्या माणसाला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवलं असतं. मामा वजनकाटे दुरुस्त करायचा. सोनाराच्या नाजूक काट्यापासून भंगारवाल्याच्या, चार माणसं उभी राहतील अशा थोराड काट्यापर्यंत सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. "चालवून घ्या की हो, चार-दोन ग्रॅमनं काय बिघडतंय?" असं गिऱ्हाईक म्हणालं की त्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. अशा माणसाने आपल्या सख्ख्या भाचीला सलग दहा दिवस खोटं वजन सांगितलं. कसं, तेच सांगायचंय.

भाचीचं शाळेतलं नाव मोठं भारदस्त होतं, पण घरात सगळे तिला टिल्ली म्हणत. वय नऊ. तिच्या आईची, म्हणजे मामाच्या धाकट्या बहिणीची, तीन महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात बदली झाली आणि तिथल्या घरमालकाने जनावर चालणार नाही म्हणून ठणकावून सांगितलं. जनावर म्हणजे गालोबा. टिल्लीचा हॅमस्टर. मुठीत मावेल एवढा, शेपटीच्या नावाखाली नुसता ठिपका, आणि गाल असे की आत दाणे कोंबले की डोकं कुठं संपलं नि धड कुठं सुरू झालं ते कळू नये.

"उंदीर आहे तो," मामा म्हणाला. "उंदराला मी पिंजऱ्यात धरतो ते लांब सोडून यायला, पाळायला नाही."

टिल्लीने नुसतं वर बघितलं. मामाचं सगळं अवसान तिथंच गळालं. दुकानावरच्या त्याच्या दोन खोल्यांत, खिडकीपासून जरा आत, पिंजरा आला.

"रोज वजन करायचं, मामा," जाताना टिल्लीने बजावलं. "हॅमस्टरला बरं नसलं तरी तो दाखवत नाही. लपवतो. वजनावरूनच कळतं."

"वजन?" मामाने छाती फुगवली. "अगं, मग तू अगदी योग्य माणसाकडे आलीस."

आणि खरोखर, पहिले नऊ दिवस त्या उंदराचं वजन ज्या थाटात झालं तसं सोन्याचंही होत नसेल. मामा पंखा बंद करायचा, काटा सपाटीला आहे की नाही ते बघायचा, प्लॅस्टिकचा डबा वर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि मग गालोबाला आत सोडायचा. गालोबा डब्यात गोल गोल फिरायचा. तो क्षणभर थबकला की मामा आकडा टिपायचा. संध्याकाळी सातला फोन यायचा.

"आज किती?"

"एकशे बेचाळीस."

"काल त्रेचाळीस होता!"

"काल साहेबांच्या गालात शिदोरी होती."

मग चाकात किती वेळ पळाला, काकडी खाल्ली का, मामाचं बोट चावला का, असं लांबत जायचं. मामा एकटा राहायचा. इतकी वर्षं एकटा की त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आता मात्र साडेसहालाच तो शटर ओढून घ्यायला लागला आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागला की सातला मला काम असतं. त्याला तो फोन आवडत होता. फार आवडत होता.

दहाव्या दिवशी काट्याने एकशे सदतीस दाखवलं.

दुसरा कुणीही असता तर त्याने गालोबाकडे बघितलं असतं. मामाने काट्याकडे बघितलं. तीस वर्षांची सवय. आकडा पटला नाही की पहिला संशय यंत्रावर. त्याने मखमली पेटी उघडली, चिमट्याने शंभर ग्रॅमचं प्रमाण वजन उचललं आणि मधोमध ठेवलं. बरोबर शंभर. चारही कोपऱ्यांत ठेवून बघितलं. शंभर. तरी त्याचं समाधान होईना. मग त्याने काटा उघडून त्याचा पुर्जा न् पुर्जा टेबलावर मांडला.

सातला फोन आला. "आज किती?"

तपासणीला उघडलेल्या काट्याचा आकडा मामा कधीही कुणाला देत नसे. हा धंद्यातला नियम. काटा पास होईपर्यंत आधीचा खात्रीचा आकडा धरायचा.

"एकशे बेचाळीस," तो म्हणाला, आणि हे खोटं आहे असं त्याच्या मनालाही शिवलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकशे पस्तीस. मामाने दुरुस्तीला आलेला सोनाराचा काटा खाली घेतला. त्यावरही एकशे पस्तीस. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून जुना दोन पारड्यांचा तराजू काढला. एका पारड्यात गालोबा, दुसऱ्यात पितळी वजनं. गालोबा दोनदा उडी मारून पळाला, एकदा टेबलाखालून त्याला बाहेर काढताना मामाच्या कमरेत उसण भरली; शेवटी पारडी जुळली ती एकशे चौतीसवर. तीन साक्षीदार एकच बोलत होते आणि मामा म्हणत होता की तिघेही फितूर आहेत. रोज संध्याकाळी सातला तो एकशे बेचाळीस सांगत होता.

वजन उतरायला लागल्यापासून सहाव्या दिवशी आकडा एकशे अठ्ठावीसवर आला, तेव्हा मामा खाली बसला. मग त्याने पहिल्यांदा गालोबाला तळहातावर घेऊन नीट बघितलं. कातडी ढगळ झाली होती. पाठीवरून अंगठा फिरवला तर मणके मोजता येत होते. हनुवटीखालचे केस ओले होते.

पण खातोय तर सगळं! वाटी रोज सकाळी चाटूनपुसून साफ. मामाने दाणे वाढवले. तेही गेले. आणखी वाढवले. तेही गेले. वाटी जितकी भरावी तितकी रिकामी होत होती आणि गालोबा हलका होत चालला होता. नसेल मानवत इथली हवा, मामाने स्वतःची समजूत घातली. आठ दिवसांत लागेल अंगी.

आता नियमाची सबब उरली नव्हती. काटा केव्हाच पास झाला होता. आता मामा नुसता भीत होता. पोरगी इतक्या लांब, ऐकून रडेल, तिला जवळ घ्यायलाही आपण तिथं नाही. शिवाय ती म्हणेल, तुझ्यावर सोपवला आणि तू हे केलंस. उद्या सांगू, जरा वजन चढलं की सांगू, असं म्हणत तो दिवस ढकलत राहिला. खोटं बोलायचं म्हणजे काही रंगवून सांगावं लागतं, पण मामाला तीही कला नव्हती. तो आपला तोच एक आकडा सांगायचा. आणि टिल्लीही हल्ली फार विचारत नव्हती. "आज किती?" "एकशे बेचाळीस." "बरं." की फोन बंद. रमली असेल तिथं, मैत्रिणी मिळाल्या असतील, असं म्हणून मामाने सुटकेचा निःश्वास टाकला. हलकंसं वाईटही वाटलं.

एकशे एकवीसच्या दिवशी त्याने दुकान उघडलंच नाही. पिंजरा जसाच्या तसा टॉवेलमध्ये गुंडाळला आणि जनावरांच्या दवाखान्यात गेला.

तिथं बाकावर सगळी मोठी मंडळी. दाराएवढा एक कुत्रा, टोपलीत गुरगुरणारी दोन मांजरं. कुत्र्याच्या मालकाने टॉवेल बघून विचारलं, "पोपट का?" मामा म्हणाला, "गालोबा." आणि त्याचा आवाज असा काही फुटला की त्या माणसाने कुत्र्याला मागे ओढून मामाला रांगेतला आपला नंबर देऊन टाकला.

डॉक्टरीणबाई उंच होत्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोलणं मोजकं. त्यांनी गालोबाला काट्यावर ठेवलं. "एकशे तेवीस."

मामाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तुमचा काटा दोन ग्रॅम जास्त दाखवतो."

"म्हणजे हा दोन ग्रॅम आणखी कमी आहे," बाई म्हणाल्या. "कधीपासून उतरतंय?"

"दहा-अकरा दिवस झाले."

"आणि इतके दिवस काय करत होतात?"

मामाने मान खाली घातली. "काटे तपासत होतो."

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं. त्यांनी गालोबाला मानेमागे हलकेच धरलं आणि छोट्या बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडात टाकला. "या, बघा इकडे."

खालचे दोन दात वाढून वर वळले होते आणि ओठाच्या आतल्या बाजूला रुतले होते. वरचा एक दात अर्धा तुटलेला होता.

"पिंजऱ्याचे गज चावतो का?"

"चावतो. रोज."

"त्यात तुटला असणार. यांचे दात नखांसारखे वाढतच राहतात. वरचा खालच्यावर घासून झिजतो. समोर दातच नसला की वाढ मोकाट होते. हा काही चावूच शकत नाहीये."

"पण वाटी रिकामी होते हो! रोज सकाळी!"

"वाटी रिकामी होते म्हणजे दाणे वाटीतून गेले. पोटात गेले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी पिंजऱ्याच्या कोपऱ्यातला भुसा बाजूला केला. खाली दाण्यांचा ढीग होता, चांगला दोन ओंजळी भरेल एवढा. सूर्यफुलाच्या एकाही बीचं साल फुटलेलं नव्हतं. रोज वाढलेलं सगळं गालोबाने गालात भरून घरी नेलं होतं, चावून बघितलं होतं, जमलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून आणलं होतं. भरल्या कोठारावर तो उपाशी झोपत होता. मामाला तो ढीग बघवेना. त्याने भिंतीवरच्या लसीच्या तक्त्याकडे तोंड फिरवलं.

दात कापायला दोन मिनिटं लागली. मग बाईंनी सगळं समजावलं. दाणे बंद, त्याचंच तयार खाणं पाण्यात भिजवून पेज करायची, बिनसुईच्या सिरिंजने दर तीन तासांनी तोंडाच्या कडेने थोडी थोडी द्यायची, घाई करायची नाही, ठसका लागू द्यायचा नाही. वजन रोज. चौथ्या दिवशी परत आणायचं.

"जगेल ना?"

"खाल्लं तर जगेल. फार उशीर झालाय असं मी म्हणत नाही. वेळेवर आलात असंही म्हणत नाही." बाईंनी हात धुतले. "तुमचाच का हा?"

"भाचीचा."

"तिला माहीत आहे?"

मामा पिंजऱ्याभोवती टॉवेल गुंडाळायला लागला. बाईंनीही पुन्हा विचारलं नाही.

सातला फोन वाजला तेव्हा मामाच्या हातात सिरिंज होती आणि शर्टावर पेजेचे डाग. "आज किती?" टिल्लीने विचारलं. कुणी गृहपाठ झाला का विचारावं तसा कोरडा आवाज.

"टिल्ले," मामा म्हणाला, "आज एकशे एकवीस."



"कशाचे?" तिने विचारलं.

"कशाचे म्हणजे? गालोबाचे."

"गालोबा आहे?"

"आहे म्हणजे? इथं माझ्या मांडीवर आहे. का गं?"

आणि मग टिल्ली अशी रडायला लागली की मामाने फोन कानापासून लांब धरला आणि परत घट्ट दाबून धरला. हुंदक्यांतून एकेक शब्द सुटा होऊन येत होता. तिला वाटलं होतं तो गेला. "आधी तू कधी एक्केचाळीस सांगायचास, कधी त्रेचाळीस. मग रोज बेचाळीसच. रोज. जिवंत असेल त्याचं वजन रोज सारखं कसं येईल, मामा? मला तेव्हाच कळलं."

"अगं, मग विचारलं का नाहीस मला?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

मामाने हातातली सिरिंज खाली ठेवली.

"आईलाही नाही सांगितलं," टिल्ली म्हणाली. "बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे."

जो काटा कितीही वजन ठेवलं तरी एकाच जागी उभा राहतो तो बंद पडलेला असतो, हे मामाकडे शिकायला आलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळायचं. नऊ वर्षांच्या मुलीलाही कळलं. फक्त मामाला कळलं नाही. तिने रडू नये म्हणून तो खोटं बोलला होता, आणि त्या खोट्यापायी पोर जिवंत जिवासाठी कितीतरी दिवस एकटीने रडली होती. यावर सारवासारव करायला जागाच नव्हती. मामाने केलीही नाही. काट्यांपासून दाण्यांच्या ढिगापर्यंत सगळं त्याने सांगून टाकलं. "चुकलो मी," तो म्हणाला. "फार चुकलो, बाळा."

"रडतोयस?"

"नाही."

"खरं सांग."

"हो."

टिल्लीने नाक ओढलं. "उद्या खरं वजन सांगशील?"

"सांगेन."

"कमी भरलं तरी?"

"कमी भरलं तरी."

त्यानंतर मामाने गजर लावून लावून पेज दिली. गालोबाने थोडी गिळली, थोडी मामाच्या मनगटावरून ओघळली. सकाळी पंखा बंद करून, डबा ठेवून, आकडा शून्यावर आणून त्याने वजन केलं. एकशे एकोणीस. दोन ग्रॅम आणखी उतरले होते.

दिवसभर दुकानात त्याचं लक्ष लागलं नाही. एकशे एकवीसच सांगावं, फक्त आजच्या दिवस; एकशे बावीस म्हटलं तर पोर शांत झोपेल. त्याने हे सगळं मनात घोळवून बघितलं, आणि सातला फोन उचलला.

"आज किती?"

मामाने पिंजऱ्याकडे बघितलं. गालोबा कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसला होता. कुशी वरखाली होत होती.

"एकशे एकोणीस," तो म्हणाला. "कालच्यापेक्षा कमी."

टिल्लीने खोल श्वास घेतलेला त्याला स्पष्ट ऐकू आला.

"म्हणजे आहे," ती म्हणाली.