नाटकातल्या वैद्याची टोपी

मी एक जुनी टोपी आहे. काळी, टोकदार आणि हातभर उंच. फ्रान्समधल्या लिऑन शहरात मला एका खऱ्या वैद्यासाठी बनवलं होतं, पण मला घातल्यावर त्याचे रोगी हसू लागले. म्हणून मी नाटकमंडळीकडे आले.

तिथे आन्सेल्म कुर्तां या नटाने केस पिकेपर्यंत मला डोक्यावर मिरवलं. त्याचा वैद्य खुर्चीची नाडी बघायचा आणि खुर्ची वाचणार नाही, असं सांगायचा. पाद्रीबाबा तिसऱ्या रांगेत तोंडात रुमाल कोंबून हसत. रविवारी तेच सांगत, की नट नरकात जातात.

मित्रांनो, आमच्याकडे रीतच आहे. मरताना नटाने नाटक सोडल्याची शपथ घ्यायची. नाहीतर त्याला दफनभूमीत जागा मिळत नाही.

एका हिवाळ्यात आन्सेल्मला ताप चढला. दोन खरे वैद्य आले. त्यांनी रक्त काढलं, पिचकारीने पोट साफ केलं, लॅटिनमध्ये भांडण केलं. तो उद्याची सकाळ बघणार नाही, यावर मात्र त्यांचं एकमत झालं. मी खाटेच्या खांबावर होते.

"शपथ घे बाबा," पाद्रीबाबा वाकून म्हणाले.

"घेतो. पण आधी सांगा, ती खुर्ची आवडायची ना तुम्हाला?"

"फार," पाद्रीबाबा दाराकडे बघत पुटपुटले. "घे आता."

"अहो, घ्या की," त्याची बायको पेरीन म्हणाली. "मला तुमच्याशेजारी निजायचंय. तुम्हाला कुठल्या शेतात पुरलं तर मी शोधू कुठे?"

तिच्यासाठी त्याने शपथ घेतली. इतकी सुंदर घेतली, की पाद्रीबाबा रडले. सकाळी आन्सेल्म उठून बसला आणि त्याने कांद्याचं सूप मागितलं.

वैद्यांना फार वाईट वाटलं. थोरला तर रस्त्यात त्याला ओळखही देत नाही. "ज्याला मी मेलेला ठरवलंय, त्याला नमस्कार कसा करू?" असं त्याचं म्हणणं.

आन्सेल्म आता मेणबत्त्या विकतो. शपथ मोडली, तर पेरीनशेजारची जागा जाईल. नव्या नटाचं डोकं लहान आहे. मी त्याच्या नाकावर उतरते. म्हणून मी रंगमंचामागे खिळ्याला असते. पुढून हसण्याचा आवाज येतो, तो दुसऱ्या कुणासाठी असतो.

मेणबत्त्या द्यायला आला, की आन्सेल्म माझ्यासमोर उभा राहतो. त्याचा हात वर येतो आणि परत खिशात जातो. मग तो माझ्यावरची धूळ फुंकतो. फुंकणं म्हणजे नाटक नव्हे, हे त्याने पाद्रीबाबांना विचारून घेतलंय.

मित्रांनो, टोप्यांना कसर लागू देऊ नका, हे तर आहेच. पण मरायला टेकलेल्या माणसाकडून शपथ घेण्याआधी जरा थांबत जा. कधी कधी माणूस बरा होतो.