नदीपलीकडची हवा

"हवापालटाला पाठवा तिला," जनरल थॉर्नबी म्हणाले आणि उकडलेल्या अंड्यावर त्यांनी चमचा आपटला. "परवा तिचे सहा महिने भरतात. उद्या नदीपलीकडे जर्सीत न्यायचं, दोन रात्री राहायचं आणि परत आणायचं. तुम्ही स्वतः जा, व्हिटकम. तिला कारण कळायला नको."

अमॉस व्हिटकम त्यांचा सेक्रेटरी. जनरलसाहेबांची पत्रं आणि भाषणं तो लिही, पाहुण्यांची नावं हळूच त्यांच्या कानात सांगे, आणि नकोशा माणसाला दारातून गोड बोलून परत पाठवायचं कामही त्याचंच. सरकारी पद मिळाल्यावर जनरलसाहेब व्हर्जिनियाहून फिलाडेल्फियाला आले, ते घरचे गुलाम बरोबर घेऊनच. पण इथला कायदा वेगळा होता. बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने इथे राहिला की मोकळा. म्हणून मुदत भरायच्या आत एकेकाला नदीपार दुसऱ्या राज्यात नेऊन आणत, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

'हवापालट' हा शब्द अमॉसनेच सुचवला होता, नोकरीच्या पहिल्याच वर्षी. जनरलसाहेबांनी पाठ थोपटली होती आणि त्याला दिवसभर बरं वाटलं होतं. आज तोच शब्द ऐकताना त्याची कानशिलं तापली. तरी मान खाली घालून तो बाहेर पडला.

मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत त्याचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको हेप्सी लेकीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती.

"कुणाला न्यायचंय?" तिने विचारलं.

"डॉर्कसला."

ती थांबली. "आणि तुम्ही हो म्हणालात."

"मी काही बोललोच नाही."

"म्हणजे हो म्हणालात! अहो, तापात माझं दूध आटलं तेव्हा हिला कुणी पाजलं? तुमच्या जनरलनी? तिने स्वतःच्या लेकराला अर्धपोटी ठेवून आपली पोर जगवली. आणि तुम्ही तिला थाप मारून नावेत बसवणार!"

"हळू बोल. लिस्बनच्या वकिलातीत लावून देतो म्हणालेत ते मला."

"मग जा ना लिस्बनला. तिथली हवा फार छान असेल!"

शब्द असे फेकत होती, पण लेकीच्या पाठीवरचा तिचा हात तितकाच हलका पडत होता. अमॉसला त्या हाताकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर कोळणींची आरडाओरड चालली होती. डॉर्कसने बाळ शालीत बांधून छातीशी घेतलं होतं. अमॉसच्या हातात पेटी होती.

"बाईसाहेबांचे कपडे पलीकडे मैत्रिणीकडे पोचवायचेत," तो म्हणाला.

"असं होय? मग मागच्या हिवाळ्यात गाडीवान पॉम्पीला कुणाचे कपडे पोचवायला नेलं होतं, सेक्रेटरीसाहेब?"

त्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"सगळ्या स्वयंपाकघराला ठाऊक आहे ते. माझ्या अंगावर तुमची पोर पीत होती, तेव्हा तुम्ही दाराबाहेर उभे राहून केवढे आभार मानलेत! आज एक खरा शब्द निघत नाही तोंडातून?"

"ठाऊक होतं, तर मग पळाली का नाहीस?" तो चिडून म्हणाला.

"पळाले असते, तर मला पकडायची वर्तमानपत्रातली जाहिरात कुणी लिहिली असती? तुम्हीच ना? उंची अमुक, रंग तमुक, डाव्या गालावर भाजल्याचा डाग. बरोबर तान्हं मूल. तुमच्या त्या सुंदर अक्षरात!"

अमॉसच्या अंगातून जाळ गेला. राग तिचा नव्हताच. टरफलावर आपटणाऱ्या त्या चमच्याचा होता, पाठीवर पडलेल्या थापेचा होता, ती थाप गोड मानून घेणाऱ्या स्वतःचा होता. त्याने पेटी दाणकन खाली ठेवली.

"ऐक. उद्या तुझे सहा महिने भरतात. तोवर मी पलीकडे असेन, आणि तू माझ्याबरोबर आहेस असंच घरात धरून चालतील. कुणी शोधायला निघणार नाही. जायला जागा आहे?"

"आहे. कुठे ते सांगणार नाही."

"सांगू नकोस. जा."

"आणि तुम्ही परत याल तेव्हा?"

"तेव्हा काय व्हायचं ते माझं होईल."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. आता ती आभार मानील असं त्याला क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचाही त्याला राग आला.

"पॉम्पीच्या वेळी सुचायला हवं होतं हे," डॉर्कस म्हणाली. तिने शालीबाहेर आलेलं बाळाचं पाऊल आत सारलं आणि कोळणींच्या गर्दीत शिरली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

नावाड्याने हाळी दिली. अमॉस पेटी घेऊन एकटाच चढला.

"दोघं म्हणाला होतात ना, साहेब?"

"एकच आहे."

"पलीकडे काय काम काढलंत?"

"हवापालट!" अमॉस असा खेकसला, की नावाड्याने पुढे काही न विचारता वल्हं पाण्यात टाकलं.